उंदीर आहेत का हो, अक्का?

खोली रिकामी करायच्या दोन दिवस आधी नवे भाडेकरू घर बघायला आले. नवरा-बायको आणि बाईच्या कडेवर वर्षाचं पोर. आमचं अर्धं सामान खोक्यांत गेलेलं, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी एक फिकट चौकोन उरलेला, आणि मी फरशीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. नवऱ्यानं नळ सोडून बघितला, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं, छताकडं मान वर करून बघितलं. बाई मात्र सरळ मागच्या स्वयंपाकघरात आली. कट्ट्याखाली वाकली, मोरीच्या कोपऱ्याकडं थोडा वेळ बघत राहिली, आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "उंदीर आहेत का हो, अक्का?" दारात अम्मा उभ्या होत्या, आमच्या घरमालकीणबाई. माझ्या हातात परात होती. परातीवरची नजर न काढता मी म्हणाले, "नाही. तसं काही नाही."

ती "बरं" म्हणाली आणि पोराची लाळ पदरानं पुसली.

सोलापुरात, साखर पेठेतल्या त्या घरात आम्ही पावणेतीन वर्षं राहिलो. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार. पुढची खोली स्लॅबची. मागचं स्वयंपाकघर जुनं, माळवदाचं, भिंती हातभर जाड, दगडमातीच्या, वरून सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी. शेजारच्या भिंतीला लागून चार यंत्रमागांचा कारखाना होता. पहिले आठ दिवस मला झोप लागली नाही. खटाक-खटाक आवाज कानांतून नाही, पाठीतून यायचा. उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरायचं. मग अंग त्याला सरावलं, आणि पुढं तर माग चालू असले की झोप लागायची, वीज गेली की दचकून जाग यायची. उंदराचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो अशाच वीज गेलेल्या रात्री. माग थांबले, पंखा थांबला, सगळ्या पेठेवर एकदम शांतता उतरली, आणि डोक्यावर माळवदाच्या लाकडात सुरू झालं करकर, करकर. मध्ये थांबायचं, पुन्हा करकर. लेक माझ्या दंडाला बिलगून झोपली होती. मी श्वास धरून ऐकत होते. तो आवाज काही त्या रात्री आलेला नव्हता. रोजचाच असणार, मागांच्या खाली दबलेला.

आमच्या आधी तिथं एक तरुण मास्तर राहायचे. किल्ली देताना ते एक झाकणाचा मोठा पत्र्याचा डबा मागं ठेवून गेले. मी म्हटलं, अहो, तुमचा डबा राहिला. ते म्हणाले, "राहू द्या वहिनी, ज्वारी यात ठेवा. पोत्यात ठेवू नका." एवढंच बोलले आणि गाडीला किक मारून गेले. मला वाटलं, जड डबा न्यायचा कंटाळा केला असेल. त्यात मी जुने पेपर भरून ठेवले.

ज्वारी आमची सासरकडून यायची, मंगळवेढ्याकडची मालदांडी, पोत्यानं. चौथ्या महिन्यात पोतं हलवायला गेले तर खालच्या कोपऱ्यातून दाण्यांची धार लागली. रुपयाएवढं भोक. पोत्यामागं भिंतीशी दाण्यांचा लहानसा ढीग, त्यात पांढरं पीठ, फोलपटं, तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या, आणि तो वास. उंदराच्या मुताचा वास एकदा नाकात बसला की जात नाही, कुबट, जरासा गोडसर, ओल्या पुठ्ठ्यासारखा. भोकाच्या आजूबाजूची ज्वारी टाकून दिली. बाकीची गच्चीवर नेऊन पाखडली, निवडली, दोन दिवस उन्हात घातली. तरी तिची भाकरी माझ्या घशाखाली उतरायची नाही. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "यंदाची ज्वारी कशी निघाली गं? भाकरी मऊ होती का?" मी म्हणाले, "होय, छान आहे." त्यांनी ती रानात उभं राहून काढून घेतलेली, दाणा दाणा बघून भरलेली. त्यांच्या लहानपणी गावात ज्वारी पेवात असायची, जमिनीखाली, वर दगड आणि माती. उंदरापासून राखायचं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तरी मला सांगवलं नाही. जणू उंदीर माझ्या हातूनच आला होता.

मग मास्तरांचा डबा रिकामा केला आणि ज्वारी त्यात भरली. एवढ्यानं भागेना, म्हणून पुढं एक पत्र्याची कोठीही घेतली.

आमच्या गल्लीला पाणी चार दिवसांआड, कधी पाच, आणि पाळी रात्री दोन वाजता. त्या वेळी अख्खी गल्ली जागी असते. मोटारींची घरघर, पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज, कोणीतरी तेलुगूत पोराला हाका मारतंय, कोणी कानडीत. मी मोरीत पाइप धरून उभी असायचे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचं, भिंतीच्या कडेनं काहीतरी राखाडी सरकलं. आधी वाटलं चिचुंद्री असेल. पण चिचुंद्री चीं-चीं करत जाते, तिचा वास उग्र, आणि ती झुरळं-किडे खाते, ज्वारीच्या वाटेला जात नाही. हा उंदीरच होता. घरातला लहान उंदीर खोलीच्या मधून सहसा जात नाही. त्याला एका अंगाला भिंत लागते, मिशा भिंतीला घासत जातो. रोज त्याच वाटेनं जाऊन जाऊन गिलाव्यावर, फरशीपासून बोटभर उंचीवर, तेलकट काळपट पट्टा उमटलेला होता. तो मी कितीदा पुसला होता. मला वाटायचं, पोछ्याचा डाग आहे.

अम्मांना सांगितलं. त्या पुढच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. बोलताना बोटं थांबायची नाहीत, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते. "उंदीर कुठं नाय पोरी?" त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या आधीपासनं हैत." मला राग आला. भाडं आम्ही कधी एक दिवस थकवलं नव्हतं. पण त्यांच्या बोटांकडं बघितलं की पुढचं बोलवत नसे. अंगठ्याची कातडी पानांनी घासून चकचकीत झालेली. मुलगा पुण्याला, वर्षातून एकदा येणार. आमच्या भाड्यावर त्यांची औषधं चालायची. माळवदावर माती टाकायलाही त्यांच्याकडं दोन पावसाळे पैसे नव्हते, ते मी बघितलं होतं. त्यांना वाटायचं, राहणाऱ्यानं बघावं. मला वाटायचं, घर त्यांचं आहे. दोघींपैकी कोणी हे तोंडानं बोललं नाही, आणि आमच्या त्या न बोललेल्या जागेत उंदीर सुखानं नांदत होते.

मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून पिंजरा आणला. आमिषाला काय लावायचं याचं ज्याचं त्याचं शास्त्र असतं. कोणी भजं म्हणतं, कोणी तेल लावलेली भाकरी. मी खोबऱ्याचा तुकडा तव्यावर लालसर भाजून आकड्याला दोऱ्यानं घट्ट बांधायचे, म्हणजे नुसता ओढून नेता येत नाही. पहिल्या आठ दिवसांत पाच सापडले. सकाळी हे स्कूटरवर पायापाशी पिंजरा ठेवून कंबर तलावाकडं निघायचे. जवळ सोडलेला उंदीर परत वाट काढतो म्हणून इतक्या लांब. लेक दारात उभी राहून "उंदीरमामा, टाटा" करायची. गणपतीत अम्मा आत येऊन म्हणाल्या, "दहा दिवस तेवढा पिंजरा उचल." इथं आजोबा गणपती 1885 पासून बसतो, लोकमान्यांच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीपासून, त्या गावात त्या दिवसांत देवाचं वाहन पिंजऱ्यात कसं घालणार? मलाही ते पटलं. पिंजरा माळ्यावर ठेवला. मखरातल्या मातीच्या उंदराला रोज एक मोदक ठेवला, आणि रात्री कट्ट्याखाली खुडबुड ऐकत पडून राहिले.

पाच काय, पन्नास धरले असते तरी फरक पडला नसता. उंदरीण तीन आठवड्यांत वीण घालते, एका वेळी पाच-सहा, कधी आठ. आणि दीड-दोन महिन्यांत त्या पिल्लांची पिल्लं. आपण दारातून एक बाहेर नेतो तोवर भिंतीत सहा तयार होतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पिंजरा लावला की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

गोंदाचा पुठ्ठा एकदाच लावला. त्या रात्री जे ओरडणं ऐकलं आणि सकाळी पुठ्ठ्यावर जे दिसलं, ते लिहीत नाही. त्यानंतर आमच्या घरात तसला पुठ्ठा पुन्हा आला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात अंथरुणाची ट्रंक उघडली. तळाशी वडिलांनी लग्नात दिलेली चादर होती. वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर होते, आणि ही चादर त्यांनी स्वतः विणलेली, लाल-निळी, मोरांची. कारखान्याच्या हिशेबात पैसे भरून त्यांनी ती घरी आणली होती. मी ती वापरतच नव्हते, जपून ठेवली होती. वरची घडी उचलली तर मोराची मान नव्हती. तिथं वाटीएवढं भगदाड, आणि त्या वाटीत घरटं. चादरीचंच सूत, पण कसं पिंजलेलं! इतकं बारीक, इतकं मऊ, की कापूस वाटावा. लाल, निळे, पांढरे धागे एकमेकांत गोल गोल फिरवून बसवलेले. मध्ये सहा पिल्लं. करंगळीच्या पेराएवढी, गुलाबी, केस नाहीत, डोळे कातडीखाली दोन काळे ठिपके. कातडी इतकी पातळ की पोटात प्यालेलं दूध बाहेरून दिसत होतं, पांढरा ठिपका. सहाही पोटांत तो होता. म्हणजे आई नुकतीच पाजून गेली होती. मी हात जवळ नेला तर तिथून ऊब आली.

लेक मागं उभी होती. म्हणाली, "आई, ते थंडी वाजून मरतील, झाक." मी झाकलं.

किती वेळ ट्रंकेपाशी बसून राहिले, आठवत नाही. चादरीसाठी रडू येत होतं. वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातचं दुसरं काही माझ्याकडं नव्हतं. आणि त्याच वेळी त्या घरट्यावरून नजर हटत नव्हती. वडिलांनी ताणा-बाणा घालून जे विणलं, ते तिनं एक-एक धागा उकलून पुन्हा काहीतरी केलं होतं, आणि तेही पोरांसाठीच. दुपारी लेक शाळेत गेल्यावर मी ते घरटं जसंच्या तसं सुपलीत घेतलं आणि मागच्या बोळात, अम्मांच्या सरपणाच्या आडोशाला ठेवलं. आई येऊन घेऊन जाईल, असं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी बघितलं तर बोळातली मांजर तिथं बसून पंजा चाटत होती. सूत मात्र होतं. ते मी उचलून आणलं, धुतलं, आणि अजून एका पुडीत आहे.

त्यानंतर माझं मन घट्ट झालं, आणि एप्रिलमध्ये औषधाच्या वड्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "हे खाल्लं की त्याला तहान लागते, पाणी शोधत बाहेर जातो आणि बाहेरच मरतो." तसं काही नसतं. त्या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं; उंदीर चार-पाच दिवस हिंडतो, आतल्या आत रक्तस्राव होतो, आणि अंगात त्राण उरलं नाही की जिथं त्याला सुरक्षित वाटतं तिथं जाऊन पडतो. म्हणजे बिळातच. आमचा भिंतीत मेला. बाहेर 43 अंश, माळवद तापलेलं, आणि भिंतीतून तो वास. पहिल्या दिवशी वाटलं मोरी तुंबली. तिसऱ्या दिवशी कळलं. भिंतीला नाक लावत लावत फिरलो, पण नेमकी जागा सापडेना. हातभर जाडीच्या भिंतीत कुठं शोधणार? उदबत्त्या लावल्या, कापूर जाळला, कडुलिंबाचा पाला जाळून धूर केला. लेकीला आठ दिवस माहेरी पाठवलं. वासानं जेवण जाईना. घरमाशा कुठून यायच्या कोण जाणे. अकराव्या दिवशी वास विरला.

त्या दिवसांत मला आजीचं एक वाक्य सारखं आठवायचं: "उंदीर पडला की घर सोडायचं." आजीनं ते तिच्या सासूकडून ऐकलेलं. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि मग गावोगाव पसरत राहिला, त्या काळातलं. आधी उंदीर पडायचे, माळवदावरून, तुळईवरून, दिवसाढवळ्या चुलीपुढं झिंगत येऊन मरायचे. मग माणसं. उंदराच्या अंगावरच्या पिसवा रोग नेतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं 1898 मध्ये कराचीत दाखवलं. पण त्याआधीच बायाबापड्यांनी आपला नियम करून टाकला होता. उंदीर पडला की पोरंबाळं, जातं, दोन भांडी घ्यायची आणि माळावर जाऊन झोपडीत राहायचं. आजीची सासू तीन वेळा अशी घराबाहेर पडली होती. तिच्या भीतीत आणि माझ्या किळसेत काही तुलना नाही. पण घर सोडायचं म्हटल्यावर तिला परत यायचं होतं. तिचं घर होतं ते. मी मात्र त्या वासात बसून नव्या फ्लॅटचे हप्ते मोजत होते.

जुळे सोलापुरात आम्ही फ्लॅट घेतला होता, दिवाळीपर्यंत ताबा मिळणार होता. गणपतीनंतर एका रात्री मला सुचलं आणि मी स्वयंपाकघराच्या कडेकडेनं रांगोळी पसरली. नक्षी नाही, नुसता पातळ थर, चाळणीनं. सकाळी उठून बघते तर सगळं लिहून ठेवलेलं! पुढची चार बोटं, मागची पाच, मध्ये शेपटीची रेघ. कोठीभोवती दोन फेऱ्या, कट्ट्याखालून एक वाट, आणि सगळ्या वाटा जाऊन मिळत होत्या मोरीच्या कोपऱ्यात, सांडपाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथं. मी पोटावर पडून बॅटरी मारली. पाइपाभोवती वरच्या अंगाला बोटभर फट. उंदराला एवढी लागतही नाही. पेन्सिल जाईल अशा फटीतूनही तो अंग चपटं करून आत येतो. अडीच वर्षं पिंजरे, वड्या, कापूर केला, आणि दार हे इथं होतं. मागच्या बोळातली गटार आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक बोट.

काय करायचं ते मला नीट ठाऊक होतं. तारेची घासणी फटीत ठासून बसवायची, उंदीर ती कुरतडू शकत नाही. वर बारीक जाळी, वर काचेचा चुरा घातलेलं सिमेंट. दोनशे रुपयांचं सामान आणि अर्धा दिवस. हे म्हणाले, "कशाला? दीड महिन्याचा तर प्रश्न आहे." आणि मला ते पटलं. खरं सांगायचं तर ते म्हणायच्या आधीच पटलेलं होतं. मी जुन्या हिरव्या साडीचा काठ फाडला, बोळा केला, लाटण्यानं फटीत ठासला आणि हात धुतले. दुसऱ्याच्या भिंतीत सिमेंट कोण घालणार?

जाताना मास्तरांचा डबाही मी घेऊन आले.

नव्या घरात तिसरा मजला. मोरी नाही, बाथरूम आहे, जाळीचं. उंदीर नाही. मागांचा आवाजही नाही. त्या शांततेत मी रात्री दोनला जागी होते, पाण्याच्या पाळीच्या सवयीनं, आणि कानात येतं: उंदीर आहेत का हो, अक्का? तिनं घाबरून विचारलं नव्हतं, भाव पाडायलाही नाही. हळू आवाजात, अम्मांना ऐकू जाऊ नये असं विचारलं होतं, एका बाईनं दुसऱ्या बाईला विचारावं तसं. खाली ठेवलं की रांगणारं पोर होतं तिचं. मास्तरांनी निदान डबा ठेवला होता. त्यांच्याकडून अम्मांसमोर बोलवलं नसेल, पण जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. माझ्याकडून तेवढंही झालं नाही.

संक्रांतीला लेकीला घेऊन गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेले. सातही नंदीध्वज बघितले, होम मैदानावर तिला पाळण्यात बसवलं. पुढच्या रविवारी तिळगुळाची पुडी, मास्तरांचा डबा आणि पिशवीत चार तारेच्या घासण्या घेऊन साखर पेठेत गेले. बाईनं दार उघडलं. पोर आता भिंतीला धरून चालत होतं. आत गेले तर स्वयंपाकघर ओळखू येईना. तुळईच्या कड्यांना दोऱ्या बांधून तिनं शिंकी केली होती. भाकरीची दुरडी, दूध, पिठाची पिशवी, पोराचा खाऊ, सगळं अधांतरी. मी विचार करून आलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले."

"पहिल्याच राती कळ्ळं, अक्का," ती म्हणाली. "बसा की. चहा ठेवते."

चहा झाल्यावर मी पदर खोचला आणि मोरीपाशी बसले. तिचा नवरा कोपऱ्यावरून पाच किलो सिमेंट आणि हातभर जाळी घेऊन आला. तिनं बॅटरी धरली. पहिल्यांदा माझी हिरवी साडी निघाली, मधोमध नीट गोल भोक पाडलेली. तिच्या मागं प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा बोळा, तो आमचा नव्हता. मास्तरांचा असेल. त्यामागं तेलुगू वर्तमानपत्राची लगदा झालेली घडी. त्यामागं सुताचा गुंता, मागावरचं टाकाऊ सूत, मातीनं काळं पडलेलं. मग एक लाकडाची खुंटी, दातांनी बारीक केलेली. एकेक काढून मी फरशीवर ठेवत गेले. आवाज ऐकून अम्मा आल्या, दाराला टेकून बघत राहिल्या. सगळ्यात आत बोटाला काहीतरी टोचलं. चुन्याचा जुना गिलावा, दगडासारखा घट्ट, आणि त्यात हिरव्या-लाल बांगड्यांच्या काचा बसवलेल्या. अर्धा शाबूत होता. अर्धा छिन्नीनं फोडलेला, प्लॅस्टिकचा पाइप घालायला, आणि फोडणाऱ्यानं तो परत भरलाच नव्हता.

अम्मा खाली बसल्या. सूप बाहेर राहिलं होतं, हात रिकामे होते. बॅटरीच्या उजेडात त्यांनी एका काचेवरून बोट फिरवलं. "अत्तम्मानं केलेलं," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या सासूनं. "मी लग्न होऊन आले तवा. माझ्याच बांगड्या हैत ह्या. चुड्यातल्या फुटलेल्या."

मग त्या उठून त्यांच्या खोलीत गेल्या आणि एक जुना पावडरचा डबा घेऊन आल्या. त्यात फुटक्या बांगड्या होत्या, कितीतरी वर्षांच्या. आम्ही त्या फडक्यात घालून वरवंट्यानं ठेचल्या. घासण्या ठासल्या, जाळी वाकवून पाइपाभोवती बसवली, सिमेंटमध्ये काच कालवली आणि मी बोटांनी थापत गेले, जुन्या गिलाव्याच्या कडेला मिळेपर्यंत. शेजारचे माग बंद होते. पोर शिंक्याखाली बसून डब्याचं झाकण वाजवत होतं.

हात धुताना मी तिला म्हणाले, "तीन दिवस यावर पाणी मारा. सकाळ-संध्याकाळ. नाहीतर तडकेल."

"पिंप आज खाली झालंय अक्का," ती म्हणाली. "पाणी परवा यायचंय."

"माझ्यातलं घे," अम्मा म्हणाल्या.